पाहुणा कुणाकडचा

उंबऱ्यावरच आईनं मला अडवलं. खांद्याला पिशवी, केसांत एसटीची धूळ, घशाला कोरड, आणि आमच्या मातोश्री मीठ-मोहऱ्यांची मूठ माझ्यावरून उतरवत पुटपुटतायत, “आल्यागेल्याची, शेजारपाजारची, बघणाऱ्याची...”

“अगं, आत तरी येऊ दे मला.”

“गप उभी ऱ्हा. गावाचं डोळं लागल्यात तुला.”

गावाचे डोळे लागावेत असं माझ्यात तेव्हा काय होतं, देव जाणे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी सांगलीत शमा नावाच्या मैत्रिणीच्या खोलीवर राहत होते आणि दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. सरकारी प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासायच्या कामावर आम्हा दोघींची निवड झाली होती. यादीत नाव लागलं होतं, प्रमाणपत्रं तपासून झाली होती, सरकारी डॉक्टरनं जीभसुद्धा बघितली होती. फक्त नेमणुकीचा हुकूम यायचा होता. आणि तो हातात पडेपर्यंत गावात चकार शब्द काढायचा नाही, अशी आईनं शपथ घातली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं व्हायला नको म्हणून.

चुलीत मोहऱ्या तडतडल्या तसा आईचा जीव भांड्यात पडला. मग ती माझ्याजवळ सरकून कुजबुजली, “पाव्हणा आलता. तुझी चौकशी करून गेला.”

“कुणाकडचा?”

“आता ते कसं इचारायचं, येडे?”

खरंच, ते विचारायचं नसतं. आमच्या भागात मुलीच्या चौकशीला येणारा माणूस आपण कुणाकडून आलो ते सांगत नाही. तो पारावर टेकतो, तंबाखू मळतो, ऊस किती टनाचा निघाला ते विचारतो, आणि निघता निघता सहज सुचल्यासारखं म्हणतो, “अमक्याची पोरगी म्हणं शिकलीय.” गावानं लगेच ओळखायचं, पण ओळखलं असं दाखवायचं नाही. नाव-गाव विचारलं की मुलीकडचे उतावीळ झालेत असं दिसतं. आणि दुसरा नियम त्याहून मोठा. ज्याला विचारलं त्यानं चांगलंच सांगायचं. मग ती पोरगी तुमच्या बांध कोरणाऱ्या वैऱ्याची का असेना. कुणाच्या लेकीचं स्थळ मोडायचं पाप आमच्याकडे कुणी डोक्यावर घेत नाही.

“कसा होता दिसायला?” मी विचारलं. मला लग्न नको होतं, पण कुतूहल काय, कुणाच्या बापाचं ऐकतं?

“मिशा हुत्या. फटफटीवरनं आलता. आणि बूट गं, लाल बूट! तोंड बघून घ्यावं असं चकचकीत. मोठ्या घरचा माणूस असणार.”

“आप्पांनी काय सांगितलं त्याला?”

“मी आत चहा करत हुते. त्येंनाच इचार.”

आप्पा, म्हणजे माझे वडील, बाहेरच्या सोप्यात बसून दाढीचा साबण फेसत होते. त्यांनी सारी हयात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. सख्ख्या मेव्हण्याच्या गाडीचं वजनसुद्धा त्यांनी कधी किलोभर जास्त लिहिलं नाही, त्यामुळे आजोळी आमचं स्वागत जरा थंडच असायचं. गावात कुणाची पैज लागली, कुणाचं भांडण अडलं, की लोक म्हणायचे, चला काटेवाल्या आप्पाकडं. आप्पा बोलले की विषय संपला.

“आप्पा, पाहुणा काय म्हणाला?”

“काय म्हणायचं? बसला, पाणी पिला, गेला.”

“आणि तुम्ही?”

“माझ्या तोंडाला साबण लागलाय, दिसत न्हाई व्हय?”

साबण अजून वाटीतच होता.

माझ्या लग्नाची आप्पांना काळजी होती, हे मला माहीत होतं. आधीच नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. माझं पहिलं विघ्न म्हणजे शिक्षण. एवढ्या शिकलेल्या मुलीला त्याहून शिकलेला नवरा शोधायचा कुठं? दुसरं विघ्न जरा जास्त तिखट होतं. कॉलेजात असताना सुट्टीला आले, तेव्हा गावातल्या बायकांनी शाळेमागचा दारूचा गुत्ता बंद करायला मोर्चा काढला होता. मी पुढे होते. फौजदाराची गाडी गुत्तेवाल्याला सोडवायला आली तेव्हा आम्ही रस्त्यात बसलो, आणि आमच्यावरच रस्ता अडवल्याची केस झाली. पुढे कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. गुत्ताही उठला. पण “पोरीवर केस झाली होती” एवढंच पाहुण्यांच्या कानावर जायचं आणि मग पाहुणे कुठं जायचे ते कळायचं नाही.

नोकरीच्या फॉर्मात मी ही केस स्वतःच्या हातानं लिहिली होती. कधी खटला झाला होता का, असं तिथं विचारलं होतं. शमानं कपाळाला हात लावला. म्हणाली, “सुटलीस ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला?” आप्पांना विचारलं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं, “लिही.”

तर चहा पिऊन मी समोरच्या कोंडाआत्तीकडे गेले. आत्ती अंगणात शेंगा फोडत होती. मला बघताच तिनं तोंडभर हसून घेतलं.

“आत्ती, पाहुणा तुझ्याकडं पण आलता म्हणं?”

“आलता तर! दोनदा चहा पिला. असं सांगिटलंय तुझं, असं सांगिटलंय, तुझी सासू मला साडी घेणार बघ.”

“काय सांगितलंस?”

“त्येनं इचारलं, पोरगी शिकलीय किती? म्हटलं, कुठलं शिकतीय, बारावीतनं घरी बसलीय. लई शिकली म्हणून सांगिटलं असतं तर बिचकला असता बिचारा.”

“आत्ती!”

“गप. म्हणाला, सांगलीला असती न्हवं? म्हटलं, छे, तिनं सांगली यष्टीतनं बघितली असंल तेवढीच. दिवसभर चुलीम्होरं. मान वर करून बघत न्हाई, गाय हाय गाय.”

“आणि मोर्चाचं काही विचारलं का?”

“इचारलं की! लबाडानं नेमकं तेच इचारलं. मी म्हटलं, मोर्चा? तिला कोंबडं वरडलं तरी धडकी भरती.” आत्तीनं एक शेंगदाणा तोंडात टाकला. “पर सगळ्यांनी हेच सांगिटलंय हां. सरपंचानं, दूधवाल्यानं, देवळातल्या गुरवानं. कुणी एक शब्द इकडचा तिकडं केला न्हाई. एक हौसा सोडली तर.”

“हौसाकाकीकडं पण गेला होता?”

“लई वेळ बसला. आणि ती काय बोलली आसंल, ती आणि तिचा देव!”

हौसाकाकी म्हणजे आप्पांच्या थोरल्या भावाची बायको. काका मी लहान असतानाच गेले. तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिकडे लसूण ठेचला तर इकडे वास यायचा. पण दोन्ही घरांचं बोलणं बंद होऊन वर्षं उलटली होती. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. आईला विचारलं की म्हणायची, “भावकीत असतंय काय ना काय.” काकीची मुलगी सुलूअक्का माझी वेणी घालायची, मला कडेवर घेऊन जत्रेला न्यायची, एवढं आठवत होतं. मग तिचं लग्न लांब विजापूरकडे झालं आणि तिचं येणंच थांबलं.

काकीकडे पाहुणा बसला हे कळल्यावर आई दोन दिवस धड जेवली नाही. मला मात्र हसू येत होतं. काकीनं स्थळ मोडलं असेल तर तिला ओवाळावं, अशा मनानं मी सांगलीला परत गेले.

पाहुणा परत आला नाही. हुकूमही आला नाही.

म्हणजे शमाचा आला. तिनं पेढे वाटले, मला मिठी मारली, आणि माझा नाही हे बघून तिचाच चेहरा पडला. मी रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसायचे. शेवटी न राहवून ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी फाइल चाळून सांगितलं, “तुमचा पोलीस अहवाल आलेला नाही. चारित्र्य पडताळणी. तो आल्याशिवाय हुकूम निघत नाही, आणि फार दिवस आम्ही थांबत नाही. खालचा उमेदवार वाट बघतोय.”

तशीच एसटी पकडून मी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. बाकावर एक हवालदार पाय लांब करून बसला होता. मिशा होत्या. खाली बघितलं तर लाल बूट. तोंड बघून घ्यावं असे चकचकीत.



“मी विजयमाला खराडे,” मी म्हटलं.

हवालदार ताडकन उभा राहिला. कोष्टी त्याचं नाव. “कुठली विजयमाला खराडे?” त्यानं विचारलं.

“म्हणजे?”

“एम.एस्सी. झालेली, का बारावीतनं घरी बसलेली? मोर्चातली, का कोंबडं ओरडलं की भिणारी? बाई, तुमच्या एका चौकशीनं माझं डोकं फिरायची पाळी आलीय!” त्यानं मला बाकावर बसवलं. “वर्दीत गेलं की गाव मुकं होतं, म्हणून मी साध्या कपड्यात आलो. म्हटलं, खराड्यांच्या मुलीची जरा माहिती पाहिजे. जाईल तिथं चहा, पोहे, एका ठिकाणी तर शिरा. मला वाटलं, काय प्रेमळ गाव आहे! ठाण्यात येऊन सांगितलं तेव्हा साहेब हसायला लागले. म्हणाले, अरे कोष्टी, तुला मुलाकडचा समजले ते.”

मी हसले. त्याला हसू आलं नाही.

“हसू नका. तुम्ही फॉर्मात लिहिलंय की केस झाली होती. कोर्टाचा निकालही मिळाला. पण अख्खं गाव सांगतंय, असली मुलगीच आमच्याकडं नाही. साहेबांना शंका आलीय की एका नावाच्या दोन मुली आहेत, आणि एकीच्या कागदांवर दुसरी नोकरी मिळवतेय. उद्या अहवाल जायचा आहे. माहिती जुळत नाही, असा शेरा गेला की संपलं.”

“अहो, पण मी इथं तुमच्यासमोर आहे ना! गावातले लोक येऊन सांगतील खरं.”

“आधी एक सांगितलेला माणूस आता दुसरं सांगेल, त्याला साहेब विचारतील, बाबा, तुझं खरं कोणतं? आणि घरच्यांचा जबाब आम्हाला चालत नाही.” हे बोलताना त्यानं माझ्याकडे का बघितलं नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. “सगळ्या गावात एकच बाई खरं बोलली. तुमच्या शेजारच्या.”

“हौसाकाकी?”

“त्याच. जे जे तुम्ही लिहिलंय ते सगळं त्यांनी सांगितलं. पण मी वही काढून सही मागितली तशा त्या बिचकल्या. म्हणाल्या, पाहुण्याला सही कशाला लागते? आणि दार लावून घेतलं. त्या सही करणार असतील तर उद्या सकाळी मी गावात येतो. तेवढंच माझ्या हातात आहे.”

गावी पोचले ती थेट कोंडाआत्तीकडे गेले. म्हटलं, हवालदार काही का म्हणेना, बघू तरी. पाहुणा पोलीस होता हे ऐकल्यावर आत्तीच्या हातातलं सूपच खाली पडलं. “अगं बया! पोलिसापुढं बोललेलं आता फिरवू? खोटं बोलली म्हणून मलाच आत टाकतील की! माझं नाव घेऊ नको बाई, तुला तुझ्या आईची शपथ.” सरपंचांनी तर मला बघून मागच्या दारानं शेताचा रस्ता धरला. ज्यांनी माझं भलं व्हावं म्हणून जीव तोडून खोटं सांगितलं होतं, त्यांतलं एकही माणूस आता खरं सांगायला तयार होईना.

घरी सगळं सांगितलं. आई डोक्याला हात लावून बसली. आप्पा ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

सकाळी उठल्या उठल्या मी हौसाकाकीच्या दारात गेले. इतक्या वर्षांत मी त्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. काकी मधल्या भिंतीलगत लसूण सोलत बसली होती. केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच, समोरच्याला सोलून काढणारे.

“आलीस?” ती म्हणाली. “ये. तो पाव्हणा पोलीस हुता म्हणं. कोंडी सांगून गेली.”

मी खाली बसले. म्हटलं, “काकी, तू एकटीच खरं बोललीस. माझी नोकरी आता तुझ्या सहीवर आहे. तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस, मी...”

“थांब.” काकीनं सुरी खाली ठेवली. “तुझ्या बाजूनं न्हाई. लग्न मोडायलाच सांगिटलं मी.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हटलं, लई शिकलीय, नवऱ्याचं ऐकायची न्हाई. मोर्चात फौजदाराच्या गाडीम्होरं बसली हुती. रांधायला येत न्हाई आणि तोंड चालू झालं की थांबत न्हाई. सगळं खरं. एक अक्षर खोटं न्हाई. आणि मनात म्हटलं, आता जाऊ दे ह्येचं पण स्थळ.”

“पण का, काकी? मी काय केलं तुझं?”

“तू न्हाई.” ती भिंतीकडे बघून बोलायला लागली. “आमच्या सुलीला चांगलं स्थळ आलतं. मास्तर हुता मुलगा. पाव्हणा गावात फिरला, सगळ्यांनी चांगलं सांगिटलं. मग कारखान्यावर गेला, काट्यावर. तुझ्या बापाला इचारलं. तुझ्या बापानं सांगिटलं, पोरगी सोन्यासारखी हाय, पर तिला फेफरं येतंय. यायचं गं, ल्हानपणी यायचं. औषधानं थांबलं हुतं. पाव्हणा तिथनंच माघारी गेला, आणि मग गोष्ट दाही दिशांना गेली. त्याच्यानंतर आमचा उंबरा कुणी चढलं न्हाई. शेवटी बिजवराला दिली. आज त्येची थोरली पोरं हिला नावानं हाक मारत्यात.”

सुलूअक्काचा हात माझ्या केसांतून फिरल्यासारखा वाटला. मला सुचलं ते नेमकं नको ते. म्हटलं, “आप्पा खरं बोलले असतील, काकी. त्यांचा स्वभावच...”

“खरंच बोलला! मी कुठं म्हणते खोटं बोलला? म्हणून तर गप बसले. खोटं बोलला असता तर चव्हाट्यावर उभा केला असता त्येला. खऱ्याशी भांडायचं कसं, सांग? मी मनाला समजावलं. म्हटलं, माणूसच काट्यासारखा हाय. उद्या सवताच्या लेकीचं इचारलं तरी असंच सांगंल. तेवढ्यावर मी दिवस काढलं बघ.”

तिचा आवाज चढला. “आणि परवा तो पाव्हणा तुमच्या सोप्यात बसला. मी हितंच बसले हुते. इचारलं त्येनं तुझ्या बापाला, मुलीवर केस झाली हुती का? मी कान लावला. म्हटलं, आता बोल काटेवाल्या. आणि तुझा बाप काय म्हणाला ठावं हाय?”

मला ठाऊक नव्हतं. आणि एकदम मला ते ऐकायचंही नव्हतं.

“म्हणाला, आमची पोरगी? छे, छे. तिला कसला मोर्चा? बारावीतनं घरी बसलीय, घरकामात लई हुशार.”

भिंत दोन्ही बाजूंनी ऐकते. मी वळून बघितलं तर दारात आप्पा उभे होते. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण तसाच. ते उंबऱ्याच्या बाहेरच थांबले होते.

काकी उठली नाही. “या भावजी,” ती म्हणाली. “बोला. खोटं सांगत असंन मी तर बोला.”

“खरं हाय, वहिनी,” आप्पा म्हणाले.

मी आजवर आप्पांना कधी मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. आणि खरं सांगते, मनाच्या एका कोपऱ्यात बरंही वाटलं, की हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. त्या बरं वाटण्याची मला लगेच लाज वाटली, कारण समोर सुलूअक्काची आई बसली होती.

“कशापायी बोलला खोटं?” काकीनं विचारलं.

“लेकीपायी.”

“आणि सुली कोण हुती?”

आप्पा उंबऱ्याच्या आत आले आणि काकीच्या समोर जमिनीवर बसले. “वहिनी, त्या दिवशी खरं बोलायला मला काय पडलंच न्हाई. पोरगी तुमची हुती. मला वाटलं, मी लई मोठा खरं बोलणारा. परवा माझ्या लेकीवर आलं तवा कळलं, खऱ्याला वजन किती असतंय. त्या दिवसापासनं मला झोप न्हाई. चुकलो मी. सुलीचा चुकलो, तुमचा चुकलो.”

काकी रडली नाही. तिनं पदरानं नाक पुसलं आणि सुरी उचलून लसणाची आणखी एक कुडी फोडली. पाकळ्या हातातच राहिल्या. तेवढ्यात बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला.

हवालदार कोष्टी आज वर्दीत होता. त्याच्यामागे कोंडाआत्ती आणि निम्मी गल्ली होती, पण सगळे अंगणापलीकडेच थबकले. कोष्टीनं आप्पांना तिथं बसलेलं बघितलं आणि टोपी काढून उगीच काखेत धरली.

“काकी,” तो म्हणाला, “त्या दिवशी जे सांगितलंत, ते लिहून घेतलं तर सही करणार का?”

मी काकीकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच नव्हती. विद्यापीठात पहिली आलेली मी, पण त्या घडीला माझं सगळं शिक्षण आणि सगळी नोकरी त्या म्हातारीच्या लसणाच्या वासाच्या हातात होती, आणि तिला नाही म्हणायचा पूर्ण हक्क होता.

“लिवा,” काकी म्हणाली.

कोष्टीनं गुडघ्यावर वही ठेवली. काकी सांगत गेली आणि तो लिहीत गेला. ही विजयमाला, माझ्या दिराची मुलगी. माझ्या मांडीवर वाढली. लई शिकलीय. सांगलीला एकटी ऱ्हाती. दारूच्या मोर्चात म्होरं हुती, मी पण तिच्या मागं हुते. दगड कुणी मारला न्हाई. कोर्टानं सोडलं. कुणाचं दोडकं पण तिनं न इचारता तोडलं न्हाई.

“आणखी काही?” कोष्टीनं विचारलं. “स्वभावाबद्दल?”

काकीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा आप्पांकडे.

“लिवा,” ती म्हणाली. “पोरगी खरं बोलती. बापावर गेलेली न्हाई.”

कोष्टीचं पेन थांबलं. त्यानं चोरट्या नजरेनं आप्पांकडे बघत हळूच विचारलं, “हे... हे पण लिहायचं?”

काकी काही बोलायच्या आत आप्पांनीच मान वर केली.

“लिहा,” ते म्हणाले.